फॉर्मच्या मागचे चौथे कलम

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज आले ते — ढेकराच्या सरावासाठी सोडावॉटरच्या बाटल्या सहा, अठ्ठेचाळीस (रिकाम्या परत दिल्या की बारा वजा). मऊ पांढरे सुती कापड दीड मीटर, गळ्यावरच्या रुमालांसाठी, पंच्याण्णव. दुकानदार शंभर म्हणत होता. पाटीवरच्या पेन्सिलींची डबी, दहा. रजिस्टर पाकीट एक — फुकट.

फुकटच्या पाकिटानेच सगळा दिवस खाल्ला!

पाकीट ‘आवाज व वाचा प्रशिक्षक संघा’चे. जाड कागद, वर उठावाचा शिक्का. ‘स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावयास शिकविण्याचे कार्य आपण गेली अकरा वर्षे निरपेक्षपणे करीत आहात, त्याची दखल घेऊन संघ आपणांस मानद सदस्यत्व देऊ इच्छितो.’ तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत दूध उतू गेले.

धाकट्या नणंदबाई तेव्हा इथेच होत्या. म्हणाल्या, “वहिनी, महिन्याला किती?”

“कसलं किती?”

“अहो, मानधन लिहिलंय ना!”

“मानधन नाही वन्सं, मानद.”

“म्हणजे?”

“म्हणजे मान देतात.”

“नुसता?”

“नुसता.”

त्यांनी पाकीट परत माझ्या हातात दिले. “मग चहा तरी पाजतील की नाही?”

ह्यांनी सावकाश वाचले. एके काळी भाजीबाजारात लिलाव पुकारायचे हे — शेवटच्या गाडीपर्यंत आवाज पोचायचा. आता गळ्यात खाली श्वासाचे भोक आहे आणि आवाज पोटाकडून येतो. हवा गिळायची, ढेकरासारखी वर आणायची, आणि ती तोंडात येईल तेवढ्यात तिचे शब्द करायचे. एका घोटात तीन-चार अक्षरे. म नीट निघत नाही, ब निघतो. म्हणाले, “बानद. सदस्य!” आणि हसले. हसण्याला आवाज नाही, खांदे हलतात. मग माझ्या मानेकडे बोट करून — “बान. ताठ. ठेव.”


बुधवार, ५ फेब्रुवारी

देवापुढे पत्र ठेवले. ह्यांच्या मानेला भोक पडले म्हणून मला मान मिळाला. हे देवाला कोणत्या तोंडाने सांगावे, कळेना. नुसती बसले.


शनिवार, ८ फेब्रुवारी

मास्तरीणबाई आल्या. (नाव ह्यांनी ठेवलेले.) तिसरीच्या वर्गाला शिकवायच्या. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांचे स्वरयंत्र काढले. आता वीस मार्चला शिक्षण खात्याच्या मंडळापुढे बोलून दाखवायचे आहे — तिसरीच्या पुस्तकातला एक धडा, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा. नाही जमले तर सक्तीची निवृत्ती. वय चव्वेचाळीस, घरात कमावणारी ती एकटीच.

पहिल्या दिवशी पाटीवर लिहिले होते — ‘मला ढेकर देता येणार नाही. मी बाई आहे.’

मी म्हटले होते, “मीसुद्धा बाईच आहे,” आणि दिला एक. असा दिला की ह्यांनी बाहेरच्या खोलीतून टाळ्या वाजवल्या! मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सांगितले, “आधी लाज गिळायची, मग हवा.”

मला तरी कोणी शिकवले? ह्यांच्या वेळी मोठ्या दवाखान्यातल्या शिक्षकाने दोनदा दाखवले आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी दिली. घरी हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग मीच आधी शिकले. मला आले तर ह्यांना सांगता येईल, म्हणून. स्वयंपाकघराचे दार लावून महिनाभर हवा गिळली. पोट फुगायचे, सासूबाई विचारायच्या, “काय गं, काही बातमी आहे का?” सत्तेचाळिसाव्या वर्षी!

आज मास्तरीणबाईंचे ‘पाट’, ‘टोपी’, ‘काका’ स्वच्छ आले. प, ट, क ही आमची भली अक्षरे. ओठ मिटले किंवा जीभ टेकली की हवा आपसूक आत जाते. ह मात्र नाहीच. ह ला छातीतला श्वास लागतो, तो तर खालच्या भोकातून निघून जातो. हे ‘हो’ला ‘ओ’ म्हणतात. मी त्यांना सगळा जन्म ‘हे’ म्हणत आले आणि त्यांना नेमके तेच अक्षर म्हणता येत नाही!

“वर्गात हजेरी घ्यायची कशी?” पाटीवर प्रश्न.

“तुम्ही नावं घ्या. ‘हजर’ तर पोरंच म्हणणार.”

त्या हसल्या. गळ्याच्या भोकातून फुस्स आवाज आला, लाजल्या, पुन्हा हसल्या.


बुधवार, १२ फेब्रुवारी

फॉर्म भरला. नाव, पत्ता, वय अठ्ठावन्न, शिक्षण — मॅट्रिक. ‘अन्य पात्रता’ यापुढे काय लिहावे? रेघ ओढली.

सही करणार तेवढ्यात ह्यांनी कागद उलटा केला. लिलावातली सवय, माल दोन्ही बाजूंनी बघायचा. मागे बारीक छपाई होती. कलम चौथे — ‘मानद सदस्य यापुढे स्वतंत्रपणे प्रशिक्षण देणार नाहीत. ते कार्य नोंदणीकृत सदस्यांकडेच राहील.’

दोनदा वाचले. तोंडात मारल्यासारखे झाले.

हे म्हणाले, “पाठ. थोपटून. पाटी. काढतात.”

फॉर्म पोचायची शेवटची तारीख अठ्ठावीस फेब्रुवारी. मास्तरीणबाईंचे मंडळ वीस मार्चला. मधले तीन आठवडे त्यांना कोण शिकवणार? मोठ्या दवाखान्यातली यादी उन्हाळ्यापर्यंत भरलेली आहे, चौकशी केली.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

देवापुढे बसले. शांत वाटावे म्हणून बसले होते. नुसता राग आला.


सोमवार, १७ फेब्रुवारी

संघाच्या चिटणीसबाई स्वतः आल्या! कलम वाचल्यावर संघाला टाकलेल्या पत्रात मी चार ओळी खरमरीत लिहिल्या होत्या, त्याचा परिणाम. मला वाटले होते जाड भिंगाची, ठसक्यात बोलणारी कोणी असेल. ही तर आमच्या भाचीच्या वयाची. बसने चार तास उभी राहून आलेली. पाणी प्यायली आणि म्हणाली, “काकू, आधी तुमचा तास बघू द्या. भांडू मग.”

मास्तरीणबाईंचा तास सुरू होता. ती कोपऱ्यात स्टुलावर बसली. वहीत लिहीत होती. एकदा उठून तिने मास्तरीणबाईंच्या गळ्याला दोन बोटे लावली. “इथं जोर देऊ नका. भोकातला आवाज शब्दावर चढतोय.” दोनदा सांगितल्यावर फुस्स आवाज निम्मा झाला! हे मला अकरा वर्षांत सुचले नव्हते. मी म्हणायची, जोरात, आणखी जोरात.

मग चहा झाला. (नणंदबाईंना कळवायला हवे, चहा मीच पाजला.)

मी म्हटले, “मान द्यायचा तर द्या, हात कशाला बांधता?”

ती म्हणाली, “तुमच्यासाठी नाही केलं हो कलम. लोक घरी बसून काहीही शिकवतात. एकानं तर गरम पाण्यानं घसा शेकायला सांगितला. माणूस दगावला असता. बिनशिक्षणाचे हात थांबवायचे तर एक रेघ मारावी लागते. रेघ मारली की ती तुमच्यावरही येते.”

“मी शेकायला नाही सांगत.”

“माहीत आहे. म्हणून तर मान.” मग वही उघडून — “किती जणांना बोलतं केलंत?”

“चौदा.”

“आणि सोडून किती गेले?”

“दोन.”

तिने दोन लिहिले.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

दोन नाहीत. तीन.

इथे तरी खरे लिहिते.

चार वर्षांपूर्वीचा शिंपी. गोरा, किडकिडीत, कानाला पेन्सिल. दोन महिन्यांत वीस शब्द बोलायला लागला होता. ‘कापड’, ‘टाका’, ‘काज’ — त्याच्या धंद्याचे शब्दच आमच्या भल्या अक्षरांचे. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची. मग शब्द जायला लागले. आधी ‘काज’ गेला, मग ‘टाका’. मी म्हटले, “घरी सराव करत नाही तुम्ही.” त्याने मान हलवली, करतो म्हणून. पुढच्या वेळी पाटीवर लिहिले — ‘घास अडतो.’ मी म्हटले, “घाईघाईनं खात असाल. आणि खरं सांगू का, तुम्ही आळशी झालात!”

तीन आठवडे मी त्याला आळशी म्हटले. तीन आठवडे तो मान खाली घालून आला, वेळेवर.

मग बायकोने दवाखान्यात नेला. आजार परत आला होता, आतून अन्ननळी दाबत होता. दोन महिन्यांत गेला.

ती माझी पाटी परत द्यायला आली तेव्हा म्हणाली, “तुमच्यामुळे शेवटी चार शब्द तरी बोलले.” तिने आभार मानले आणि मी ते घेतले.

आधी कळले असते तर वाचला असता का? कोण जाणे. पण शिकलेल्या माणसाला ‘घास अडतो’ हे वाचून कळले असते. मला वाचता येत होते, कळले नाही. आणि काल त्या पोरीसमोर मी त्याला मोजलेसुद्धा नाही.


बुधवार, १९ फेब्रुवारी

ह्यांना सांगितले. चार वर्षांनी. त्यांनी माझा हात धरला. मग हवा घेतली. “तू. डॉक्टर. नाईस.”

समजूत घालायलाच बोलले ते. पण हे तर चौथे कलमच झाले!


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंनी धड्याच्या सहा ओळी वाचल्या. दाराबाहेर रस्त्यावर मला ऐकू आल्या. आनंद झाला. फॉर्म अजून टेबलावरच आहे, त्यावर वजन म्हणून सोड्याची बाटली.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज तास बिघडला.

मास्तरीणबाईंचे ‘टोपी’ आले नाही. ‘काका’ नुसते घशात घरघरले. परवापर्यंत सहा ओळी आणि आज एक शब्द नाही! त्या स्वतःवरच चिडल्या. पाटी आपटली.

माझ्या तोंडाशी आले होते — “घरी सराव केला नाहीत ना?” अगदी ओठावर. थांबले.

विचारले, “जेवताना घास अडतो का?”

त्यांनी मान वळवली. मग लिहिले — ‘थोडा. आठ दिवस. मंडळ झाल्यावर दाखवीन.’

“मंडळ गेलं खड्ड्यात. आत्ता.”

‘शेवटचे तीन आठवडे आहेत!’

“म्हणूनच आत्ता.”

मी चिटणीसबाईंना फोन केला, त्यांनी उद्या सकाळी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. मी सांगितले, डॉक्टर हो म्हणेपर्यंत तास बंद. तेव्हा मास्तरीणबाई उठल्या, पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले, माझ्या डोळ्यांसमोर धरले —

‘सभासद झालात म्हणून मला टाळता!’

आणि निघून गेल्या. चप्पल घालायलासुद्धा थांबल्या नाहीत नीट, एक पट्टा तसाच.

हे म्हणाले, “जाऊ. दे.” मी म्हटले, “जाऊ नाही द्यायचं. उद्या सकाळी तुम्ही त्यांच्या दारात उभे राहा. त्या तुमचं ऐकतील.” हे म्हणाले, “बाझं?” — माझं? — “बी. काय. बोलणार?” मी म्हटले, “तुम्ही बोलता, तेच पुरे.”


बुधवार, २६ फेब्रुवारी

हे सकाळीच मास्तरीणबाईंच्या दारात गेले. बरोबर दवाखान्यातही गेले. तपासणीचा निकाल चार तारखेला.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज शेवटची तारीख. फॉर्म सही न करता पाठवला. सोबत चिटणीसबाईंना पत्र — शिंप्याचे सगळे. तारखा, पाटीवरचे शब्द, मी काय म्हटले ते. ‘दोन नाहीत, तीन’ हे वाक्य पहिलेच लिहिले, नाहीतर शेवटपर्यंत हिंमत झाली नसती. शेवटी लिहिले, असल्या बाईला मान द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पोस्टात टाकल्यावर हात पेटीच्या तोंडाशी तसाच राहिला. मागची बाई म्हणाली, “झालं का, काकू?”


मंगळवार, ४ मार्च

आजार नाही! देवा, आजार नाही!

नळी आतून आकसली होती, जखम भरताना होते म्हणे तसे. डॉक्टरांनी रुंद केली. अर्ध्या दिवसाचे काम, आणि तासालाही हो म्हणाले. ‘वेळेवर आलात, महिनाभर अंगावर काढलं असतंत तर पाणीसुद्धा उतरलं नसतं’ असे म्हणाले, हे ह्यांनी मला सांगितले — सतरा घोटांत, मी मोजले. इतके लांब वाक्य ह्यांनी अकरा वर्षांत केले नव्हते.

संध्याकाळी मास्तरीणबाई दारात. पाटी आणली नव्हती. आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, हवा गिळली.

“टाई.”

मी म्हटले, “ताई. ‘त’ आहे तो. जीभ दातांना.”

“ताई.”

एवढेच. मग दोघी रडलो आणि तास सुरू केला. भोकावर जोर न देता, चिटणीसबाईंनी सांगितले तसा.


मंगळवार, ११ मार्च

चिटणीसबाईंचे उत्तर. छापील नाही, हाताने लिहिलेले.

‘तुमचे पत्र दोनदा वाचले. सभेपुढे ठेवलेले नाही, ठेवणारही नाही. असे पत्र मला आजवर एकाही नोंदणीकृत सदस्याने लिहिलेले नाही, आणि चुका सगळ्यांच्या झाल्या आहेत, माझ्याही. मानद सदस्यत्व तसेच आहे. कलम बदलणे माझ्या हातात नाही. वीस तारीख होऊन जाऊ द्या, मग महिनाअखेरपर्यंत सही करून पाठवा. फॉर्म परत पाठवीत आहे.’

किती सोपे केले पोरीने! मंडळ झाल्यावर सही करायची, मंचावर जायचे, शाल-बिल काय असेल ते घ्यायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. शिंपी तिच्या कपाटात, मी माझ्या घरात.

नणंदबाई म्हणतात, “घ्या हो वहिनी! साठी आली, आता किती दिवस ढेकर देणार?”


गुरुवार, २० मार्च

मंडळ.

मी बाहेरच्या बाकावर. दार अर्धे उघडे. आत तिघे जण, अध्यक्ष मधे. टेबलावर तिसरीचे पुस्तक. मास्तरीणबाईंनी गळ्याला माझ्या हातचा पांढरा रुमाल बांधला होता, साडीच्या काठाशी जुळवून शिवलेला.

पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला अध्यक्ष मधेच म्हणाले, “पाणी घ्या बाई, तुम्हाला ढेकर येताहेत. शिपाई, पाणी!”

माझे कान तापले. आता खाली बसतात की काय या! पहिल्या दिवशीची पाटी डोळ्यांसमोर आली. शिपाई पेला घेऊन दारातच अडला.

मग आला आवाज. खरखरीत, जाड, पण सरळ —

“ढेकर. नाई. तोच. आवाज.” एक घोट. “पुढे. वाचते.”

आणि वाचल्या! बावीस ओळी. मी बाकावर बसून त्यांच्याबरोबर हवा गिळत होते, शिपाई माझ्याकडे बघत होता. शेवटी अध्यक्ष उठून खोलीच्या टोकाला गेले, भिंतीला टेकून उभे राहिले, म्हणाले, “आणखी दोन ओळी वाचा.” ऐकल्या. मग म्हणाले, “येतंय ऐकू.”

वर्ग तोच. गळ्यात अडकवायचा छोटा माइक खाते देणार. वर्षाने पुन्हा तपासणी.

बाहेर आल्या. “पास.” म्हणाल्या. ‘प’ असा फुटला की शिपाई दचकला.

परतताना बसमध्ये मी खिडकीला. मनात एकच — सहा ओळी येत होत्या तेव्हा मी आनंदात होते आणि आत नळी आकसत होती. मला कळले ते शिंप्यामुळे. पुढच्या वेळी वेगळे काही असेल, ते कोणामुळे कळणार? आणखी एक माणूस जाईपर्यंत थांबायचे?


रविवार, २३ मार्च

ह्यांना विचारले. हे म्हणाले, “पक्कं?” मी म्हटले, पक्कं. “बग.” — मग — “टाक. पत्र.”


सोमवार, २४ मार्च

पत्राची नक्कल इथे ठेवते.

‘चि. चिटणीसबाई यांस अनेक आशीर्वाद. मानद सदस्यत्व साभार परत. राग नाही. शिंप्याचे पत्र सभेपुढे ठेवावे. जे हात घरून शिकवतात त्यांना ते उपयोगी पडेल. फॉर्मच्या माथ्यावर सदस्यांचे चार प्रकार छापले आहेत, त्यातल्या ‘मानद’वर फुली मारून ‘विद्यार्थी’पुढे खूण केली आहे. वय अठ्ठावन्न, शिक्षण मॅट्रिक, पाठांतर चांगले आहे. सध्या तीन जण शिकतात, त्यांना तुम्ही येऊन तपासून जात असाल तर पुढे शिकवीन, नवीन कोणाला घेणार नाही. वर्ग कधी सुरू होतो आणि वयाची अट आहे का, हे उलट टपाली कळवावे.’